शेजारची सीट

३ मार्च, सोमवार

कारखान्याच्या वहीत गाडीबद्दल लिहायचं असतं, माणसांबद्दल नाही. म्हणून ही दुसरी वही काढली. आज कुठे लिहिलं नाही तर मी कुणाच्या तरी अंगावर ओरडेन.

आमच्या कारखान्यात आज एक अँब्युलन्स दाखल झाली. म्हणजे तसा तो माणूसच आहे, इंजिनिअर आहे, पण जन्मभर त्याने अँब्युलन्सचं सस्पेन्शन सेट केलंय. गाडी खड्ड्यातून गेली तरी आत झोपलेल्या पेशंटला कळू नये, ही त्याची कला. आणि आम्ही काय बनवतो? दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार, जिच्यात रस्त्यावरचा खडासुद्धा तळहाताला कळायला पाहिजे. या माणसाला इथे कशाला आणलं, ते बाबाच जाणोत.

बाबा कारखान्याचे मालक. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी नियम घातला: फाटकाच्या आत ते ‘मालक’ आणि ‘तुम्ही’, फाटकाबाहेर ‘बाबा’ आणि ‘तू’. मी आत ‘इंजिनिअरबाई’, घरी ठमी. चाचणीची गाडी कुठेही गेली तरी ती फाटकाच्या आतच धरायची. आजवर दोघांपैकी कुणीही हा नियम मोडलेला नाही.

सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि खिशात हात घालून बोलायला उभे राहिले.

“लोक हौसेने आपली गाडी घेतात, दोन-चार रविवार चालवतात आणि विकून टाकतात. ऑफिसला नेता येत नाही. पाठ धरते. गर्दीत क्लच दाबून पाय भरून येतो. पुढची गाडी रोज चालवता आली पाहिजे. नमुन्याच्या दोन गाड्या काढू, एक पिवळी, एक निळी. पिवळीचं सेटिंग इंजिनिअरबाई करतील, निळीचं हे करतील. एप्रिलमध्ये मी दोन्ही चालवेन आणि एक ठरवेन. दोन्ही बनवायची आपली ताकद नाही.”

“पण गाडी जागी राहिली पाहिजे ना, मालक?” मी विचारलं. ‘जागी’ हा बाबांचाच शब्द. जिचं स्टिअरिंग हाताशी बोलतं ती जागी, बाकीच्या सगळ्या झोपलेल्या.

“राहिलीच पाहिजे. पण दमलेल्या माणसालाही पेलली पाहिजे.”

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. त्याच्याकडे बघून म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी कारखाना सुटला की बाबा चाचणीची गाडी काढतात. टेकडीच्या रस्त्याने वर आणि परत खाली. शेजारी मी. अकरा वर्षं हेच चाललंय. आम्ही गप्पा मारत नाही. एखाद्या वळणात बाबा नुसतं “हं” म्हणतात आणि सोमवारी काय बदलायचं ते मला कळतं. लग्न, संसार यापैकी काही माझ्या वाट्याला आलं नाही, त्याचं मला फारसं वाटतही नाही, पण शुक्रवार माझा आहे.

आज मी नेहमीसारखी केस बांधून दाराशी उभी होते. बाबा म्हणाले, “इंजिनिअरबाई, आज तुम्ही राहू द्या. हे येतील.”

राहू द्या! जशी काही मी त्यांना चहा विचारत होते.

तो बापुडवाणा चेहरा करून माझ्या सीटवर बसला. पाय लांब म्हणून सीट मागे सरकवली. गेले दोघं. मी अंगणात उभी, केस बांधलेले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “काय ताई, आज सुट्टी?” त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

परत आल्यावर निळीत बसून मी ती सीट पुढे सरकवून ठेवली, अगदी माझ्या मापाला. पोरकटपणा आहे, मान्य आहे.

घरी आईपुढे बडबडले. आई म्हणाली, “एक दिवस दुसरं कुणी बसलं तर आकाश कोसळलं का गं?” आणि बाबांना चहा ओतला, अर्धा कप. बाबांना हल्ली अर्धाच लागतो. पूर्वी काठोकाठ नसला तर कुरकुरायचे. झोप येत नाही म्हणे.

११ मार्च, मंगळवार

त्याने निळीचा उंबरा खाली उतरवला! दाराखालची जाड पट्टी, जी ओलांडून आत उतरावं लागतं, तिला आम्ही उंबरा म्हणतो. गाडीची सगळी ताकद तिथे असते. तो म्हणतो, खालून दुसरा आडवा पाइप घालतो, ताकद जाणार नाही, पण बसायला-उठायला सोपं होईल.

“कुणाला सोपं?” मी विचारलं.

“कुणालाही. एखाद्याची पाठ दुखत असेल.”

“पाठ दुखत असेल त्याने टॅक्सीने जावं.”

तो हसला नाही, चिडलाही नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगावं की सांगू नये, असं तोंड करून. असल्या शांत माणसांचा मला भयंकर राग येतो.

निळी चालवून आले. खोटं कशाला लिहू, गाडी वाईट नाही. तुटक्या रस्त्यावर पाठीला हिसका बसत नाही, आणि वळणात तरीही एका बाजूला लोळण घेत नाही. ते त्याने कसं साधलं, हे मला विचारावंसं वाटलं, म्हणून मी अजिबात विचारलं नाही. पण स्टिअरिंग! लोण्यात चमचा फिरवावा तसं. मालक असलं काही पसंत करणं शक्य नाही.

आणखी एक गोष्ट खुपली. बाबा चाचणीनंतर चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलने दोन शब्द लिहून डॅशबोर्डवर लावतात. ‘मागून हलकी.’ ‘ब्रेक उशिरा.’ आज निळीत पट्टी होती आणि अक्षर त्याचं होतं. म्हणजे बाबा सांगतात आणि हा उतरवून घेतो. मला अकरा वर्षांत त्यांनी एक शब्द तोंडाने सांगितला नाही. त्यांचं अक्षर लावताना माझे डोळे गेले.

१६ मार्च, रविवार

आमच्या घरी आज बाबांचा चमचा आला आणि येताना चमचे घेऊन आला.

हे मी आईला म्हटलं तर ती हसायची सोडून माझ्यावरच डाफरली. पण खरंच, माणूस पहिल्यांदा कुणाच्या घरी जाताना काय नेतो? फुलं, मिठाई. याने सहा चमचे आणले. रबरी दांड्यांचे, गलेलठ्ठ, लहान मुलांच्या खेळण्यासारखे. आई म्हणाली, “किती बरं वाटतं धरायला!” बाबांनी त्याच चमच्याने दोनदा सूप घेतलं आणि मग निळीबद्दल असे बोलत सुटले की मी जेवतेय की नाही याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि बाबांचा टीशर्ट! ज्या माणसाने आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातला, बाह्यांची बटणं लावून, तो पंधरा दिवस झाले टीशर्टात फिरतोय. अँब्युलन्सही टीशर्टच घालते. कुणाचं बघून चाललंय हे आंधळ्यालाही दिसेल.

निघताना आई आणि तो दाराशी कुजबुजत होते. मी गेले तशी दोघं गप्प. आईसुद्धा फितली.

माझं पोट दुखतंय, आणि ते जेवणामुळे नाही, हे मला कळतं. मी काही मूर्ख नाही. मला त्याचा हेवा वाटतो. सरळ लिहून टाकलं. पण हेवा वाटतो म्हणून तो बरोबर ठरत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

तिसरा शुक्रवार. मी केस बांधलेच नाहीत.

बाबांनी सहीचा रबरी शिक्का करून घेतला. आता कागदांवर ठपाठप शिक्के. मी म्हटलं, “मालक, लगे हात एक मुकुटही करून घ्या.” ते मोठ्याने हसले आणि हात खिशात घातला. आज किती दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसले. तेवढ्यावर मी संध्याकाळपर्यंत खूश होते, काय ही माझी अवस्था.

२४ मार्च, सोमवार

पिवळी तयार झाली. अशी गाडी मी आजवर केली नाही. स्टिअरिंगला वजन आहे, भरीवपणा आहे, पुढची चाकं कशावरून चालली आहेत ते डोळे मिटून सांगता येतं. स्प्रिंग थोड्या नरम केल्या, क्लच हलका केला, म्हणजे रोज चालवायला हरकत नाही. मालकांना म्हटलं, चला.

“मी एकटा जातो,” ते म्हणाले.

गेले, आणि पहिल्या वळणावरून परत आले. पहिल्या! टेकडी सुरूसुद्धा झाली नव्हती. इंजिन बंद करून बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. कपाळावर घाम. आत एवढं काही गरम नव्हतं.

“सुंदर झाली आहे,” म्हणाले. “फार जागी आहे.”

“फार म्हणजे? काय बदलू?”

“काही बदलू नका.” आणि मग, “इंजिनिअरबाई, ही गाडी तुम्ही कुणासाठी करताय?”

“तुमच्यासाठी, मालक. दुसऱ्या कुणासाठी?”

“तिथेच चुकतंय,” ते म्हणाले, आणि दार धरून हळूहळू बाहेर आले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

टायरच्या खोलीत जाऊन रडले. रबराचा वास कपड्यांना लागला तो घरी येईपर्यंत गेला नाही. तीस वर्षं ज्यांनी असल्याच गाड्या केल्या, त्यांना तीन आठवड्यांत ‘फार’ वाटायला लागली! एवढी कसली मोहिनी घातली त्याने?

२७ मार्च, गुरुवार

आज मी एक गोष्ट केली.

सगळे जेवायला गेले तेव्हा निळीला लॅपटॉप जोडला आणि तिच्या स्टिअरिंगमध्ये पिवळीचं सेटिंग भरलं. हातात घेतलं तर तेच वजन, तोच भरीवपणा. बाकी कशाला हात लावला नाही.

यात वाईट काय आहे? गाडीत बिघाड केलेला नाही. हेच वजन बाबांनी तीस वर्षं फिरवलंय. उद्या संध्याकाळी ते निळी काढतील, लोण्याऐवजी हाताला रस्ता लागेल आणि जागी गाडी म्हणजे काय ते आठवेल. खाली आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगेन, मालक, तुम्हाला आवडलं ते माझं होतं. त्याचं तोंड बघायचंय मला तेव्हा.

बरं वाटलं लिहून. म्हणजे वाटायला पाहिजे होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आईचा हात मोडला.

बाबा संध्याकाळपर्यंत थांबलेच नाहीत. दुपारी आई डबा घेऊन कारखान्यात आली होती. बाबा तिला म्हणाले, “रोजची गाडी म्हणवते ना ही, मग चल, भाजी आणून बघू.” मी वरच्या खिडकीतून बघितलं. आईने उतरवलेल्या उंबऱ्यावरून ऐटीत आत पाय टाकला आणि मला पिशवी हलवून दाखवली. मी थांबवलं नाही. उलट हसले. मला वाटलं, संध्याकाळी कळण्याऐवजी आताच कळेल.

बाजाराच्या चौकात गोल वळसा घालताना स्टिअरिंग पुरतं फिरलं नाही. गाडी मधल्या कठड्यावर चढली आणि पाटीच्या खांबावर गेली. आईचा उजवा हात, कोपराच्या खाली. बाबांना काही नाही. निळीचं बोनेट चेपलं.

बाबा सगळ्यांना एकच सांगताहेत: “माझा हात घसरला.”

२९ मार्च, शनिवार

काल पुढचं लिहवेना.

दवाखान्यात एक कागद सहीसाठी पुढे आला. बाबा म्हणाले, “ठमे, तू कर.”

“तुझीच लागेल म्हणतात, बाबा. शिक्का चालणार नाही इथे.” एवढ्यातसुद्धा मी टोमणा मारला.

बाबांनी पेन घेतलं. कागदाला टेकवलं आणि ते टेबलावर टकटक वाजायला लागलं. बाबा ते वाजू नये म्हणून दाबत होते, तसतसं आणखी वाजत होतं. काउंटरवरची मुलगी दुसरीकडे बघायला लागली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर आत काहीतरी सारखं थरथरत होतं, इंजिन चालू असल्यासारखं.

“कधीपासून?”

“दीड वर्ष. गोळ्या चालू आहेत. सकाळी बरा असतो.”

अर्धा कप. टीशर्ट. शिक्का. चिकटपट्टी. ते भिकारडे चमचे. एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि प्रत्येक वेळी मला माझंच तोंड दिसलं, वाकडं केलेलं.

“त्याला सांगितलंस. मला नाही.” बघा, हेच सुचलं मला. आई आत हात धरून बसली होती, बाबांची ही गत, आणि मला हे सुचलं.

“त्याला नाही सांगितलं. मुलाखतीला आला, हात मिळवला, आणि त्याला कळलं. जन्मभर आजारी माणसांसाठी गाड्या केल्या त्याने. तुझ्या आईला माहीत होतं, आणि मग त्याला.”

“आणि मला शेजारून उठवलंस.”

“शेजारी ठेवलं असतं तर तुला पहिल्याच वळणात कळलं असतं. माझं ‘हं’ तुला कळतं, हात कळला नसता?” बाबा पेनचं टोपण लावायचा प्रयत्न करत होते. “आणि कळलं असतं तर तू पिवळी माझ्यासाठी मऊ केली असतीस. मला ते नको होतं, ठमे. कीव करून केलेली गाडी कोण घेईल? मला तुमचं दोघांचं भांडण हवं होतं. तू तुझ्या बाजूने ओढायचं, त्याने त्याच्या.”

मी टोपण लावून दिलं. आणि बाबा म्हणाले, “पण आता संपलं. स्टिअरिंग हलकं होतं, तरी मला आवरलं नाही. एवढं हलकं असून. आता गाडीला हात लावणार नाही मी.”

मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात आईला बाहेर आणलं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. बसला नाही.

“निळीतलं सेटिंग बघितलं मी,” म्हणाला. “तुम्ही असं काही कराल असं वाटलं नव्हतं. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. आज त्यांना सांगा. उद्या मी सांगेन.”

“तुम्ही मला सांगायला हवं होतं, त्यांच्या हातांबद्दल.”

“त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. रोज वाटायचं सांगावं. त्या उंबऱ्याच्या वेळी जवळजवळ सांगितलंच होतं, पण तुम्ही टॅक्सीचं बोललात.”

मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेले.

बाबांना घरीच सांगितलं. ते खिडकीपाशी बसले होते, शर्ट घालून, वरची तीन बटणं उघडी. मी उभी राहूनच बोलले. बसले असते तर रडले असते आणि मग सांगून झालं नसतं.

ऐकल्यावर बाबांनी खिडकीकडून मान वळवली. मला वाटलं आता हाकलून देतील.

“म्हणजे पिवळीचं वजन होतं त्यात?”

“हो.”

“म्हणजे माझे हात नव्हते?” त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. लहान मुलाला ताप उतरल्यावर बाहेर खेळायला सोडावं तसा. “निळीचं निळीत असतं तर मी वळवली असती. वळवली असती ना?”

“वळवली असतीस, बाबा.”

मग आधीचा चेहरा हळूहळू परत आला. आतल्या खोलीत आई डाव्या हाताने भांडी आपटत होती.

“काय केलंस गं हे,” बाबा म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला त्यांनीच सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. जेवताना डाव्या हातात तो गलेलठ्ठ चमचा धरते, माझ्याकडे बघते, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणते, “किती बरं वाटतं धरायला.”

९ एप्रिल, बुधवार

कुणी हाकललं नाही. बाबांनी फाटकाच्या आत एकच वाक्य टाकलं: “इंजिनिअरबाई, आता दोन गाड्या नाहीत. एकच आहे. दोघांनी मिळून करा.” निळीचं बोनेट गेलेलं, म्हणून पिवळीचं काढून तिला बसवलं. पोरं तिला ‘पोपट’ म्हणतात. निळा आणि पिवळा मिळून पोपट, असं त्यांचं गणित. माझा झालेला पोपट त्यांना अजून कळलेला नाही, किंवा कळलाय आणि तेवढ्यासाठीच नाव ठेवलंय.

अँब्युलन्सच्या शेजारी बसून रोज टेकडी चढते. मला अजून तो आवडत नाही. त्याला मुलाखतीच्या दिवसापासून माहीत होतं आणि मला नव्हतं, हे आठवलं की आजही जळफळाट होतो. पण काम त्याला येतं. मी त्याला स्प्रिंगबद्दल विचारलं, अखेर विचारलंच. तो म्हणाला, पहिल्या बोटभर हालचालीत सस्पेन्शनने काहीच हट्ट करायचा नाही, हट्ट त्यानंतर. पेशंटला असंच उचलतात. पहिल्यांदा हळू, मग घट्ट.

स्टिअरिंगचं मात्र मी केलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, जड म्हणजे जागं. बाबांचा हात धरला तेव्हापासून डोक्यात घोळत होतं. त्या हातात जोर नाही, पण आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त कळतं. मग ताकद मागायची कशाला? चौकात, पार्किंगमध्ये हलकं, दोन बोटांनी फिरेल असं. वेग वाढला की वजन हळूहळू येऊ द्यायचं, तेही थोडंच. आणि मधे जे रबर-बिबर घालून रस्त्याचा आवाज दाबतात, ते मी अर्धं काढून टाकलं. हलकं झालं, पण मुकं झालं नाही. अँब्युलन्सने चालवून बघितलं आणि म्हणाला, “हे मला जमलं नसतं.” मी म्हटलं, “माहितेय.” मग दोघांना हसू आलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

बाबा चालवणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. ते शर्ट घालून आले. बटणं आईने लावली असणार, तिचं प्लास्टर अजून आहे म्हणजे दोघांचे मिळून किती हात लागले असतील कोण जाणे.

“इंजिनिअरबाई, चला,” ते म्हणाले.

केस बांधलेले नव्हते. तशीच धावले. माझी सीट मागे होती, मी पुढे घेतली.

बाबांनी दोन्ही तळहात स्टिअरिंगवर नुसते ठेवले. पकडलं नाही. पोपट अंगणात हळू फिरवला, टायरच्या खोलीला वळसा घालून. हात थरथरत होते ते दिसत होतं, पण गाडी सरळ होती. ती थरथर गाडीपर्यंत पोचत नव्हती, आणि जमीन मात्र त्यांच्यापर्यंत पोचत होती.

“पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे,” बाबा म्हणाले.

अँब्युलन्सने मोजली. कमी होती. बाबांनी असं बघितलं आमच्याकडे की काही विचारायची गरज राहिली नाही. हीच गाडी.

फाटकाबाहेर पडलो, पहिलं वळण घेतलं, छान घेतलं, आणि टेकडी सुरू व्हायच्या आधी त्यांनी गाडी कडेला लावली. इंजिन चालूच.

“पुढचं तुम्ही.”

“मालक, तुम्हाला जमतंय. मी बघितलं.”

“चौकापर्यंत जमतंय. भाजी आणायला जमेल. टेकडी माझ्याने होणार नाही, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही.” ते उतरले. उंबरा ओलांडायला त्रास झाला नाही. पुढून फिरून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले, मी उठायची वाट बघत.

महिनाभर या सीटसाठी मी जळले. आईचा हात मोडला. आणि आज बाबांना तिथे बसवून मला त्यांच्या जागी जावं लागलं. ती जागा मला कधीच नको होती. स्टिअरिंग त्यांच्या हातांनी गरम झालेलं होतं.

टेकडी चढायला लागलो. पोपट बोलत होता, खडी, डांबर, जुना पॅच, सगळं सांगत होता, आणि माझ्या पाठीला एक हिसका नाही. वळणात मी “हं” ऐकायला कान लावून होते. बाबा काहीच म्हणेनात. तिसऱ्या वळणानंतर मी बाजूला बघितलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते.

“काही बदलायचं का, मालक?”

“ठमे,” ते म्हणाले. चाचणीच्या गाडीत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. “जळतो गं मी तुझ्यावर.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, खिशात घातले नव्हते. वर गेल्यावर परत फिरायचं असतं. मी गिअर टाकला आणि पलीकडच्या बाजूने, लांबच्या रस्त्याने उतरले.